कागद खरे, तरी जमीन गेली

दिवाळीच्या सुमारास पुण्यातल्या एका हितचिंतकांचे पत्र आले. गेली काही वर्षे ते त्रिपुरातल्या आपल्या वसतिगृहातील दोन मुलांचा खर्च न चुकता उचलतात. पत्र नेहमीसारखेच मायेचे होते. शेवटी मात्र एक नवी ओळ होती : यापुढे माझी देणगी तिथल्या मूळच्या मुलांसाठीच वापरावी, घुसखोरांच्या मुलांसाठी नको.

उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. वर्तमानपत्रात आणि निवडणुकीच्या सभांत जे ऐकू येते तेच त्यांनी लिहिले होते. पण 'मूळचे' आणि 'घुसखोर' असे दोनच रकाने आखले, तर आमच्या वसतिगृहातली बरीच मुले कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. हा प्रश्न मला इतरांनीही अनेकदा विचारला आहे, म्हणून ते उत्तर थोडे वाढवून इथे देतो.

त्रिपुराचा नकाशा पाहा. लहानसे राज्य, क्षेत्रफळ साधारण साडेदहा हजार चौरस किलोमीटर, आणि तिन्ही बाजूंनी बांगलादेश. सीमेची लांबी ८५६ किलोमीटर. माणिक्य घराण्याचे हे संस्थान १५ ऑक्टोबर १९४९ रोजी भारतात विलीन झाले. त्याच्या आगेमागे फाळणी झाली होती आणि नोआखाली, कोमिल्ला, सिल्हेट या भागांतून हिंदू कुटुंबे अंगावरच्या कपड्यांनिशी येत होती. १९५१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ३९ हजार होती; १९६१ मध्ये ती ११ लाख ४२ हजार झाली. दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. विसाव्या शतकाच्या आरंभी राज्यात निम्म्याहून थोडे अधिक असलेले आदिवासी १९५१ मध्ये सुमारे ३७ टक्के आणि १९८१ मध्ये २८ टक्क्यांच्या आसपास उरले. आपल्याच डोंगरात ते अल्पसंख्य झाले, आणि तेही एका पिढीत.

आता महत्त्वाची गोष्ट. हे आलेले लोक घुसखोर नव्हते. सरकारने त्यांची नोंद केली, त्यांच्या वसाहती उभारल्या, जमिनी दिल्या. घटनेचे सहावे कलम आणि पुढे १९५५ चा नागरिकत्व कायदा यांनी त्यांना नागरिक मानले. ते जीव वाचवायला आले होते. त्यांना परत पाठवा असे म्हणण्याची कुणा शहाण्या माणसाची छाती झाली नसती. तरीही आदिवासींचे जे जायचे ते गेलेच. त्याच्यासाठी कुणाला बेकायदा व्हावे लागले नाही.

ते कसे, हे मी जुन्या मंडळींकडून ऐकले आहे. डोंगरउतारावर झूम शेती करणाऱ्या कुटुंबाजवळ सातबारासारखा कागद नसायचा; रान तोडायचे, पीक घ्यायचे, पुढे सरकायचे. टेकड्यांमधल्या अरुंद सपाट पट्ट्यांना तिकडे लुंगा म्हणतात. नांगर धरणाऱ्या निर्वासित शेतकऱ्याला नेमकी ती जमीन हवी होती, आणि त्याला कागदही करता येत होता. राजा बीर बिक्रम यांनी पाच जमातींसाठी जे राखीव क्षेत्र १९४३ मध्ये वाढवले होते, तेही पुढे टिकले नाही. मग दादन आले. महाजन पेरणीच्या दिवसांत तांदूळ-मीठ उधार देई आणि सुगीला पीक आपल्या भावाने घेऊन जाई. आपल्याकडच्या सावकारी खावटीचेच हे भावंड. दोन वाईट वर्षे सरली की पिकाच्या जागी जमीनच लिहून द्यावी लागे.

कायदा नव्हता असे नाही. त्रिपुराच्या १९६० च्या जमीन महसूल कायद्यात १८७ वे कलम होते : जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये. गेली ती गेलीच. १९७४ मध्ये दुरुस्ती झाली आणि बेकायदा गेलेली जमीन परत करायची ठरली. पण १ जानेवारी १९६९ नंतर गेलेलीच. म्हणजे फाळणीनंतरची जी वीस वर्षे सगळ्यांत वाईट, ती हिशेबातून बाहेर. आपल्या वाचकांना ही रीत ओळखीची वाटेल. महाराष्ट्रातही १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदा १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ एवढ्याच काळातील व्यवहारांना लागतो. सरकारी तारखेच्या अलीकडे-पलीकडे किती घरे राहून जातात, ते पालघर-नाशिकच्या कार्यकर्त्यांना मी सांगायला नको.

यातूनच तिथले राजकारण उभे राहिले. १९६७ मध्ये त्रिपुरा उपजाती जुबा समिती स्थापन झाली. तिच्या मागण्या सरळ होत्या : जमीन परत द्या, कॉकबोरॉक भाषेला मान्यता द्या, स्वायत्त जिल्हा परिषद द्या, इनर लाइन लागू करा. या मागण्या रेंगाळल्या आणि मने कडवट झाली. जून १९८० मध्ये मंदाई येथे बंगाली निर्वासितांची शेकडो माणसे, बायकामुलांसह, मारली गेली. त्याच दिवसांत दुसरीकडे आदिवासींचे पाडे जळाले. हे लिहिताना हात अडखळतो. ज्यांना ठार मारले ते काही जमिनी हडपणारे महाजन नव्हते. एकदा घरातून उठलेली, दुसऱ्यांदा गाव मांडून बसलेली साधी माणसे होती ती.

कॉकबोरॉकला १९७९ मध्ये राज्यभाषेचा दर्जा मिळाला होता. स्वायत्त परिषद १९८२ मध्ये सुरू झाली आणि १९८५ पासून घटनेच्या सहाव्या अनुसूचीखाली आली. राज्याचे दोन-तृतीयांश क्षेत्र तिच्याकडे आहे. पैशाच्या नाड्या आगरतळ्याच्याच हातात, ही तक्रार तेव्हापासून आजवर चालू आहे.

आता इनर लाइनविषयी, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. ही १८७३ च्या इंग्रजी नियमावलीतून आलेली व्यवस्था. ती परदेशी माणसासाठीच आहे असा आपला समज असतो. तसे नाही. तुम्ही-आम्ही पुण्याहून ऐजॉलला किंवा कोहिमाला निघालो तरी परवाना काढावा लागतो. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि डिसेंबर २०१९ पासून मणिपूर, एवढ्या राज्यांत ती आहे, त्रिपुरात नाही. आपल्याच देशात परवाना कशाला, असे पहिल्यांदा मलाही वाटले होते. पण त्रिपुराची आकडेवारी समोर ठेवली की कळते, नागरिक असणे हा एक प्रश्न आणि जमिनीवर दाब पडणे हा दुसरा.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावेळी हाच घोळ झाला. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाची वाट त्या कायद्याने मोकळी केली. देशात इतरत्र वाद झाला तो मुसलमानांना वगळल्यावरून. त्रिपुराच्या डोंगरात विरोध झाला तो निराळ्या कारणाने : आणखी कुणीच नको, धर्म कुठलाही असो. सहाव्या अनुसूचीची क्षेत्रे आणि इनर लाइनची राज्ये या तरतुदीतून वगळली आहेत, हे खरे. पण त्रिपुरात सूट परिषदेच्या क्षेत्राला आहे, सगळ्या राज्याला नाही. क्षेत्राच्या सीमेपलीकडे नागरिक झालेला माणूस क्षेत्रात येऊन राहिला तर त्याला अडवणारी इनर लाइन तिथे नाही. आदिवासी संघटनांचा आक्षेप इथे होता आणि तो मला रास्त वाटतो. त्यांना सरसकट धर्मद्वेष्टे ठरवणाऱ्यांनी किंवा 'घुसखोरांचे पाठीराखे' म्हणणाऱ्यांनी १९५१ आणि १९८१ चे आकडे एकदा शेजारी मांडून पाहावेत.

आणि तरीही 'मूळचा' या शब्दाची मला भीती वाटते. ती ब्रू लोकांमुळे. ब्रू, म्हणजे रियांग, ही अनुसूचित जमात आहे. १९९७ च्या ऑक्टोबरात मिझोराममधून त्यांची हजारो माणसे त्रिपुरात पळून आली. मिझो संघटना त्यांना आपल्या भूमीतले मानत नव्हत्या; मतदारयादीतून त्यांची नावे काढा, अशी मागणी होत होती. भारताचे नागरिक, आदिवासी, आणि तेवीस वर्षे उत्तर त्रिपुरात बांबूच्या झोपड्यांच्या छावणीत. १६ जानेवारी २०२० ला दिल्लीत करार झाला : सुमारे ३४ हजार लोकांना त्रिपुरातच वसवायचे, घरासाठी जागा, दोन वर्षे धान्य आणि महिना पाच हजार रुपये, शिवाय चार लाखांची ठेव. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना इथे वसवू नका म्हणून पाणीसागरला आंदोलन झाले, गोळीबारही झाला. विरोध करणाऱ्यांत बंगाली होते आणि मिझोही. एकेकाळी निर्वासित म्हणून आलेल्यांची नातवंडे आता नव्या निर्वासितांना नको म्हणत होती. त्यांचा कारणेही तीच होती : जमीन किती, जंगल किती, आमचे काय.

वसतिगृहाच्या प्रवेशअर्जात 'कायमचा पत्ता' असा एक रकाना आहे. छावणीतून आलेला एक ब्रू मुलगा तो भरताना थांबला आणि मला विचारू लागला, "गुरुजी, बाबांचा लिहू की आमचा?" त्याचा जन्म छावणीतला, बाबांचे गाव मिझोराममध्ये, तिथे आता त्यांचे घर नाही. त्याच्या शेजारच्या खाटेवर जमातिया मुलगा झोपतो, ज्याच्या आजोबांची लुंगा जमीन दादनात गेली. स्वयंपाकाला येणाऱ्या बंगाली मावशींचे सासरे नोआखालीहून आलेले. त्यांचा मुलगाही संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला आमच्याकडेच बसतो.

पुण्याच्या काकांना मी हे सगळे लिहिले. त्यांनी कुणाचा खर्च उचलावा हे त्यांनीच ठरवायचे, पण मुलांची यादी तशी वेगळी काढून देणे मला जमणार नाही, असेही लिहिले. पंधरा दिवसांनी धनादेश आला, नेहमीच्याच रकमेचा. सोबतच्या चिठ्ठीत फक्त एवढेच विचारले होते, की जमातिया मुलाच्या आजोबांची जमीन १९६९ च्या आधी गेली की नंतर, आणि नंतर गेली असेल तर अर्ज केला आहे का. मी मुलाकडून चौकशी केली. १९६६ मध्ये गेली होती.