समृद्धीचे माप : वर्ध्याचा वेगळा हिशेब

देशात वर्षभरात तयार झालेल्या अंतिम वस्तू आणि सेवांची पैशांत केलेली बेरीज म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन. ही बेरीज फुगली की समाज पुढे गेला, असे धरले जाते. परंतु राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा पाया घालणारे सायमन कुझ्नेट्स यांनीच १९३४ साली अमेरिकेच्या सिनेटपुढील अहवालात बजावले होते, की या आकड्यावरून राष्ट्राचे कल्याण ताडता येत नाही.

त्याच वर्षी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. संघाचा कारभार पाहणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी वर्ध्यातल्या मगनवाडीत बसून वेगळा हिशेब मांडला. तेलघाणीचे उदाहरण घ्यावे. जवस गावातल्या घाणीवर गाळले, की तेल घरात राहते, पेंड गुरांना मिळते, शेणखत रानात पडते आणि तेल्याच्या हाताला काम राहते. तेच जवस शहरातल्या गिरणीत गेले, की गाव तेल विकत घेते आणि पेंडेला मुकते. पैशांतली उलाढाल वाढते, पण गाव मात्र दुबळे होते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात त्यांनी खाणीतल्या कोळशासारखी संपणारी आणि जंगल-पाण्यासारखी जपली तर टिकणारी संपत्ती यांत स्पष्ट भेद केला.

वर्ध्यासारख्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात सकल उत्पादनाच्या मापाची उणीव लगेच दिसते. फवारणीचे औषध विकले गेले, की उत्पादनात भर पडते. जमिनीचा कस उतरला किंवा भूजल खोल गेले, तर वजाबाकी होत नाही. विहीर आटल्यावर आणलेल्या टँकरचे भाडेही जमेकडेच जाते. बाईचा रोजचा स्वयंपाक आणि आजाऱ्याची शुश्रूषा यांची तर नोंदच नाही.

महाराष्ट्राच्या सरासरीखाली काय दडते, हे वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली दाखवले. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी अशा बाबी जिल्हावार तपासून तिने सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. पुढे १९९० साली महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारातून मानव विकास निर्देशांक आला. त्यात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण आले. महाराष्ट्राने २००२ साली स्वतःचा मानव विकास अहवाल काढला. तरीही २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राला विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज द्यावे लागले. त्यांत वर्धा होता. उत्पादनात देशात अग्रेसर असलेल्या राज्यातली ही स्थिती होती.

आता पंचायतींसाठी शाश्वत विकासाची नऊ सूत्रे ठरली आहेत. गरिबीमुक्त, आरोग्यदायी, बालस्नेही, जलसमृद्ध, महिलास्नेही गाव ही त्यांतली काही. गावाची प्रगती पाणी, आरोग्य, मुले आणि स्त्रियांची स्थिती यांवरून तपासण्याची सोय त्यामुळे झाली आहे. ती केवळ तालुक्याला पाठवायच्या तक्त्यात अडकू नये. प्रत्येक ग्रामसभेने हा हिशेब मोठ्याने वाचावा आणि पुढच्या वर्षीचा खर्च त्यावरूनच ठरवावा.