बसचं टीटीएमएम कसं करायचं?

कॅन्टीनचं बिल आलं की आपलं ठरलेलं असतं, टीटीएमएम! तुझं तू, माझं मी. पण दोन-तीन हद्दींतून जाणाऱ्या बसचं बिल कोणी भरायचं?

मी काल्हेरला राहते. कशेळीचा पूल ओलांडला की बाळकुम, म्हणजे ठाणे. कॉलेज, क्लास, इंटर्नशिप सगळं खाडीपलीकडे. शेअर रिक्षात बसून गोदामांच्या ट्रकमागे अडकलं की आमच्या ग्रुपवर एकच मेसेज पडतो, ‘बस वाढवा यार!’

वाढवतील, पण पैसे कोणाचे? शहरातली बस नुसत्या तिकिटावर चालत नाही. कमी पडणारे पैसे महापालिका घालते. ठाण्याची टीएमटी १९८९ पासून आहे, कल्याण-डोंबिवलीची केडीएमटी १९९९ पासून. भिवंडी महापालिकेची मात्र स्वतःची बससेवाच नाही. आणि काल्हेर तर ग्रामपंचायत! आमची घरपट्टी तिकडे जाते. मग ठाणेकर विचारणारच, ‘आमच्या करातून तुमची बस का?’ त्यांचं चूक नाही. पण आमची फी, खरेदी, नोकरी सगळं ठाण्यातच होतं की!

पुण्याने यावर तोडगा काढला. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल झाली. तोट्यात पुण्याचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४०. हद्दीबाहेरच्या गावांसाठी पुढे पीएमआरडीएकडूनही पैसे घ्यायचं ठरलं.

वाटणीचं गणित मात्र सोपं नाही. समजा, मार्ग १० किलोमीटरचा आहे आणि त्यातले ६ ठाण्याबाहेर. किलोमीटर मोजले तर बाहेरच्यांनी ६० टक्के द्यायचे. पण प्रवासी ज्या शहरात उतरतात, त्या शहराचाही फायदा होतोच. म्हणून किलोमीटर आणि प्रवासी, दोन्ही धरले तरच हिशेब बरोबर बसेल.

ग्रामपंचायतीला हा भार झेपणार नाही. पण आमच्या भागाचं नियोजन एमएमआरडीए करते. ठाणे-भिवंडी-कल्याण हा २४.९ किलोमीटरचा मेट्रो-५ मार्गही तिचाच, आणि त्यात काल्हेर स्टेशन आहे. मेट्रोसाठी हद्द आड आली नाही, मग बससाठी का यावी? गावांचा वाटा एमएमआरडीएने उचलावा.

तेव्हा पुढच्या वेळी ‘बस वाढवा’ म्हणताना आणखी एक प्रश्न विचारूया, ‘आमच्या वाट्याचे पैसे कोण भरणार?’