लोहित फॉन्टच्या पॅकेजांची बदलती नावे

‘श्री-लिपी’मुळे मराठी छपाईच्या क्षेत्रात परिचित असलेल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून मिळालेले भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ साली ‘लोहित’ या नावाने मुक्त परवान्याखाली खुले केले आणि पुढे त्यांच्या देखभालीत कंपनीच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांचा मोठा वाटा राहिला. लिनक्समध्ये फॉन्ट ‘पॅकेज’च्या, म्हणजे फायली व त्यांची माहिती एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याच्या रूपाने येतो आणि पॅकेज व्यवस्थापक त्याला नावावरून ओळखतो, त्यामुळे नाव बदलले की जुन्या संगणकांवरील अद्ययावतीकरणाची साखळी तुटू नये, याचीही तजवीज करावी लागते.

फेडोरा या लिनक्स वितरणाच्या परिवारात आरंभीचे ‘फॉन्ट्स-हिंदी’ पुढे ‘लोहित-फॉन्ट्स-हिंदी’ झाले आणि २००९च्या सुमारास नव्या नियमानुसार ‘लोहित-हिंदी-फॉन्ट्स’ असे स्थिरावले. डेबियन या दुसऱ्या लिनक्स वितरणाने मात्र ‘फॉन्ट्स’ हा शब्द आरंभी ठेवला आणि भाषेऐवजी लिपीचा चार अक्षरी आंतरराष्ट्रीय संकेत स्वीकारून ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे नाव रूढ केले.

हा केवळ शब्दक्रमाचा भेद नव्हता. हिंदी, मराठी, कोंकणी व नेपाळी यांची लिपी एक असल्याने त्यांची वेगळी पॅकेजे म्हणजे बव्हंशी त्याच अक्षराकृतींच्या प्रती होत्या. म्हणून फेडोराने ती ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’मध्ये विलीन केली आणि नव्या पॅकेजात जुनी नावे कालबाह्य झाल्याची नोंद ठेवली. हा निर्णय तांत्रिकदृष्ट्या सुबक होता, परंतु मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’, ज्यांना महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने प्रमाण मानले, ते हिंदीत रूढ असलेल्या आकृतींहून भिन्न आहेत. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही रूपे ठेवून मजकुराच्या भाषेनुसार योग्य रूप निवडण्याची ‘लोकल’ नावाची सोय ओपनटाइप तंत्रात आहे; मात्र मजकूर मराठी असल्याची खूण फॉन्टपर्यंत पोहोचली नाही, तर मराठी वाचकापुढे हिंदी वळणाचीच अक्षरे येतात.

त्यामुळे ‘लोहित-मराठी-फॉन्ट्स’ हे नाव पुन्हा अवतरले, ते मराठी आकृत्याच मूळ रूप म्हणून धारण करणाऱ्या फॉन्टसाठी, आणि हे पुनरागमन सर्वस्वी न्याय्य होते. डेबियनमधील ‘फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी’ हे नाव त्याहूनही अधिक नेमके म्हणावे लागेल, कारण त्यात लिपीचे ऐक्य आधी आणि भाषेचे वेगळेपण त्यानंतर, अशा क्रमाने दोन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या आहेत.