घरचा कॉम्प्युटर आतून साफ करताना (आणि त्याचे पैसे घ्यायचे असतील तर)



कमी भांडवलात सुरू होणाऱ्या कामांच्या व्हिडिओमध्ये मी घरगुती कॉम्प्युटर सफाईचं काम सांगितलं होतं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, ब्लोअर घेतला, आता सुरू करू का?"

जरा थांबा. ब्लोअरचं बटण दाबण्याआधी माझी एक फजिती ऐका. फजिती कसली, चांगला चौदा हजारांचा फटका होता तो.

ट्रेनिंगचं काम सुरू करण्याआधी सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. आमच्याच अपार्टमेंटमध्ये एक काका राहायचे. घरूनच लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून द्यायचे. जुलै महिना, ३१ तारीख जवळ आलेली. काका म्हणाले, "अरे, कॉम्प्युटर फार घरघर करतोय, जरा बघ की." मी गेलो, कॅबिनेट उचलून गॅलरीत नेला, झाकण काढलं आणि ब्लोअर फुल्ल सोडला. आतले पंखे सुर्रर्र करून फिरायला लागले. मला तो आवाज आवडायचा तेव्हा! दहा मिनिटांत काम झालं. दीडशे रुपये ठरलेले.

जोडून चालू केला तर स्क्रीन काळी. रॅम हलली होती, ती नीट बसवली. मग स्क्रीन आली, पण विंडोज येईना. हार्ड डिस्कमधून टक टक आवाज. काका माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तुझ्या हातात देईपर्यंत चालू होता की रे."

आता खरं सांगतो. कॅबिनेट उचलताना माझ्याकडून धक्का बसला, का ती डिस्क आधीपासूनच शेवटच्या घटका मोजत होती, हे मला आजही माहीत नाही. घरघर पंख्याची होती का डिस्कची, तेही मी तपासलं नव्हतं. उघडण्याआधी कॉम्प्युटर चालू करून बघितलाच नव्हता, त्यामुळे बोलायला तोंडच नव्हतं. बॅकअप काकांनी घेतलेला नव्हता आणि मी विचारला नव्हता. डिस्क पुण्याला पाठवली, बराचसा डेटा परत आला, काही फोल्डर गेलेच. खर्च मी भरला. आणि चार रात्री मी आणि माझा भाऊ काकांच्या कागदी फायली समोर घेऊन आकडे टाइप करत बसलो होतो. मजुरी, मघाशी सांगितली तीच, दीडशे.

म्हणून हे काम शिकवताना मी सुरुवात स्क्रू ड्रायव्हरपासून करत नाही.

झाकण उघडण्याआधीची वीस मिनिटं

ग्राहकाच्या घरी गेल्यावर आधी कॉम्प्युटर ग्राहकासमोर चालू करायचा. सुरू व्हायला किती वेळ लागतो, पंखा कसा वाजतो, डिस्कचा वेगळा आवाज येतो का, घड्याळ बरोबर आहे का, हे बघायचं. घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा छोटा सेल संपलेला असतो, ते तिथंच सांगून टाका. एचडब्ल्यूमॉनिटरसारखं मोफत सॉफ्टवेअर टाकून प्रोसेसरचं तापमान बघा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. नंतर हाच फोटो तुमच्या कामाचा पुरावा होतो.

मग सरळ विचारायचं, "यात महत्त्वाचं काय काय आहे? त्याची दुसरी कॉपी कुठं आहे?" दहातले बहुतेक जण हसतात आणि म्हणतात, सगळं यातच आहे. नातवाचे फोटो, टॅलीचा डेटा, सोसायटीचे हिशेब, सगळं. तेव्हा त्यांच्याच पेनड्राइव्हवर किंवा एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करून द्या. तुमच्या पेनड्राइव्हवर नको. लोकांचा डेटा आपल्या खिशात घेऊन फिरायचं नाही, पुढे त्यावरून वेगळाच वाद होतो. वेळ लागतोय म्हणून ग्राहक "राहू दे" म्हणाला तर तसं चिठ्ठीवर लिहून सही घ्या. डिस्क आधीच टकटक करत असेल तर सफाई करूच नका. आधी डेटा, धूळ नंतर बघू.

चिठ्ठी म्हणजे काही मोठा करार नाही. तारीख, कॉम्प्युटर आधी चालू होता का, काय बिघाड दिसला, बॅकअप घेतला का, काय काय उघडणार, किती पैसे. सहा ओळी आणि खाली सही. माझ्या एका विद्यार्थ्याला वाटायचं की सही मागितली तर ग्राहक बिचकेल. उलट झालं. लोकांना वाटलं, हा पोरगा व्यवस्थित दिसतोय.

कॉम्प्युटर किंवा त्याचा एखादा भाग वॉरंटीत असेल आणि झाकणावर सील असेल, तर हात लावू नका. आधी ग्राहकाला वॉरंटीच्या अटी बघायला सांगा.

वीज आणि अंगातला करंट

शटडाऊन करा, नुसता स्लीप नको. मागचं पॉवर सप्लायचं बटण बंद, पिन सॉकेटमधून बाहेर, मॉनिटर-प्रिंटरच्या सगळ्या वायरी काढलेल्या. त्याआधी वायरींचा फोटो. आता पुढचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डात उरलेली वीज निघून जाते.

पण पॉवर सप्लायच्या डब्यातली वीज अशी पूर्ण जाईल याचा भरवसा नाही. त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा करंट राहू शकतो. तो डबा उघडायचा नाही, जाळीतून तार, पिन, स्क्रू ड्रायव्हर काहीही आत घालायचं नाही. बाहेरून हवा मारायची, बास. धूळ फारच असेल तर ग्राहकाला डबा बदलायला सांगा.

दुसरा करंट आपल्या अंगातला. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की चट्‌कन बसतो ना, तोच. आपल्याला तो जाणवत नाही इतका कमी असला तरी रॅमची किंवा बोर्डाची चिप त्यानं जाऊ शकते. फेब्रुवारी ते मे, कोरड्या हवेत हे जास्त. अँटिस्टॅटिक पट्टा मनगटाला बांधा आणि त्याचा चिमटा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावा. पट्टा नसेल तर दर थोड्या वेळानं त्या पत्र्याला हात टेकवत राहा. सिंथेटिक स्वेटर घालून आणि गालिच्यावर बसून हे काम करू नका. साधी फरशी किंवा लाकडी टेबल बरं.

आता धूळ

जागा गॅलरी किंवा अंगण. तोंडाला मास्क. घरातल्या दम्याच्या माणसाला दुसऱ्या खोलीत बसवा. स्क्रू एका वाटीत.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये धूळ सगळीकडे सारखी नसते. बोर्डावर दिसते ती वरवरची असते, खरा त्रास प्रोसेसरच्या पंख्याखाली असतो. पंखा आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांच्यामध्ये गोधडीसारखा थर बसतो. वरून पंखा जोरात फिरतोय, पण हवा खाली जातच नाही. मग प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. त्याहून पुढं गेलं की मशीन आपोआप बंद पडतं. "कॉम्प्युटर स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या" म्हणून येणाऱ्या काही तक्रारी निव्वळ या गोधडीच्या असतात. एका घरात काम करताना गेम चालू असतानाचं तापमान आधी ९२ दिसत होतं, सफाईनंतर ७० च्या खाली आलं. पार्ट एकही बदलला नाही. प्रत्येक घरात एवढा फरक पडेलच असं मात्र सांगत फिरू नका.

आधी मऊ ब्रशनं धूळ सैल करा. रंगकामाचा एक इंची केसांचा ब्रश चालतो, नायलॉनचा टाळा, त्यानं स्टॅटिक होतं. ब्रशची पत्र्याची पट्टी बोर्डाला घासू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळा. मग ब्लोअर. सात-आठ इंच लांबून, थांबून थांबून, आतून बाहेरच्या दिशेनं.

आणि पंखा बोटानं धरून ठेवायचा! हे मी व्हिडिओत तीनदा सांगितलंय, तरी सांगतो. ब्लोअरच्या हवेनं पंखा त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरतो, त्याचं बेअरिंग खराब होतं. शिवाय फिरवलेली मोटर जनरेटरसारखी वीज तयार करते, ती बोर्डाकडे ढकलली जाऊ शकते. मला आवडणारा तो सुर्रर्र आवाज म्हणजे ग्राहकाचं नुकसान होतं.

हवेचा डबा वापरणार असाल तर तो उभा धरा. आडवा किंवा उलटा केला की आतला बर्फासारखा थंड द्रव बाहेर येतो. बऱ्याच डब्यांमधला गॅस पेट घेणारा असतो, त्यामुळे जवळ निरांजन, उदबत्ती, चालू मशीन काही नको. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाला लावायचा नाही, त्याच्या नळीच्या टोकाला स्टॅटिक जमतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तर अजिबातच नाही. दाब प्रचंड आणि हवेबरोबर पाणी, तेल येतं.

पुढची किंवा खालची जाळी निघत असेल तर पाण्यानं धुवा, पण पूर्ण सुकल्याशिवाय बसवू नका. बोर्डावर ओलं फडकं नाही, काच पुसायचा स्प्रे नाही, रॉकेल-पेट्रोल तर नाहीच. चिकट डाग असेल तर ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून हलकेच पुसा आणि पूर्ण उडून जाऊ द्या.

हीटसिंक काढायचा मोह आवरा. पट्ट्या वरून साफ होत असतील तर काढूच नका. काढला तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावीच लागते, आणि एएमडीच्या एएम४ बोर्डावर वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर हीटसिंकला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. पिना वाकल्या की तुमच्या महिन्याच्या कमाईवर पाणी. हे काम नंतर, जुन्या भंगार मशीनवर हात बसल्यावर. लॅपटॉपचंही तसंच.

परत जोडताना रॅमचा दोन्ही बाजूंचा खटका बसलाय का बघा. एखादी वायर पंख्यात अडकत नाही ना, तेही. मागच्या रिकाम्या स्लॉटची पट्टी हरवलेली असते, तिथून झुरळं आणि पाली आत जातात. नवी पट्टी बसवून द्या. पंधरा-वीस रुपयांची वस्तू आहे, पण ग्राहक नाव काढतो. शेवटी चालू करून तापमानाचा दुसरा फोटो, आणि दोन्ही फोटो ग्राहकाच्या व्हॉट्सॲपवर.

पैशाचं काय

ब्लोअर, ब्रश, स्क्रू ड्रायव्हर सेट, पट्टा, अल्कोहोल, पेस्ट, मास्क, सगळं मिळून अंदाजे अडीच-तीन हजार रुपये धरा, गावाप्रमाणे कमी-जास्त. माझं मत विचाराल तर चारशे-पाचशेच्या खाली हे काम घेऊ नका. शंभर रुपयांत करणारा मिळेल, तो बॅकअप घेणार नाही. तुम्ही एका घरात दीड तास देणार आहात, जाण्या-येण्याचं पेट्रोल वेगळं. दिवसाला दोन-तीन घरंच होतात, त्यामुळे एवढ्यावरच घर चालेल असं मी म्हणणार नाही. एसएसडी बसवणं, वर्षाचा देखभाल करार अशी कामं याच घरांतून पुढे येतात. पण घाबरवून पार्ट विकू नका, गाव लहान असतं.

सीझन कधी? खंडेनवमी-दसऱ्याच्या आधी. आपल्याकडे त्या दिवशी कॉम्प्युटरचीही पूजा होते, त्यामुळे "पूजेआधी आतूनही साफ करून देतो" म्हटलं की पटकन पटतं. पाऊस संपत आलेला असतो, चार महिन्यांची दमट धूळ बोर्डाला चिकटलेली असते, तेव्हा ब्रशला जास्त वेळ धरा. हळदीच्या अडत्यांकडे तर मी पिवळेधम्मक पंखे बघितलेत, तिथं वर्षातून दोनदा जावं लागायचं.

आणि पूजेच्या दिवसाची एक सूचना ग्राहकाला जरूर द्या. हळद-कुंकू चालू कॅबिनेटच्या जाळीवर उधळू नका, पंखा ते सगळं आत ओढतो. आमचे काका आता एका कागदावर स्वस्तिक काढून तो कॅबिनेटला चिकटवतात आणि हळद-कुंकू त्या कागदाला लावतात. दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्यांचा फोन येतो, "येतोस ना रे? बॅकअप घेऊन ठेवलाय."

पहिली दोन-तीन मशीन स्वतःच्या घरची किंवा भावाची करा, चिठ्ठीसकट. पुढच्या व्हिडिओत देखभाल कराराचा दर कसा काढायचा ते बघू.