पाणबुडीलाही श्वास घ्यावा लागतो

पाणबुडी म्हटली, की सदैव समुद्राच्या पोटात संचार करणारी नौका आपल्या डोळ्यांपुढे येते. दोन्ही महायुद्धांतील पाणबुड्यांच्या बाबतीत ही कल्पना चुकीची आहे. त्या खरे म्हणजे पाण्यावरून चालणाऱ्या आणि गरज पडली, की थोडा वेळ बुडी मारणाऱ्या बोटी होत्या.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने सर्वांत जास्त संख्येने बांधलेली ‘सात-सी’ जातीची पाणबुडी घ्या. तिची लांबी ६७ मीटर. पाण्यावरून १० नॉट वेगाने (१ नॉट म्हणजे ताशी १ सागरी मैल, अर्थात १.८५ किलोमीटर) ती सुमारे ८,५०० सागरी मैल जाऊ शके. पाण्याखाली मात्र ४ नॉट, म्हणजे सायकलीपेक्षाही मंद वेगाने, फक्त ८० मैल!

एवढा फरक का? डिझेल एंजिनाला हवा लागते. १ किलो डिझेल जाळण्यास साधारण १२ घनमीटर हवा खर्च होते. तुमचा वर्ग ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद व ३ मीटर उंच असेल, तर त्यातील सारी हवा साडेसात किलो डिझेललाच पुरेल. म्हणून बुडी मारताना एंजिने बंद करून विजेच्या मोटारी चालवीत. त्यांना वीज मिळे ती शिशाच्या बॅटरीतून. आणि ही बॅटरी पुन्हा भारित करण्यासाठी पाण्यावर येऊन एंजिने चालवावी लागत. १ किलो डिझेलपासून एंजिन सुमारे ४ युनिट कार्य देते, तर १ किलो बॅटरीतून मिळते साधारण ०.०३ युनिट.

आता थोडे गणित. वेग दुप्पट केला, की पाण्याचा विरोध सुमारे चौपट होतो. शक्ती म्हणजे विरोध गुणिले वेग. तेव्हा ती आठपट लागणार. ४ नॉटला २० तास टिकणारी बॅटरी ८ नॉटला (ही जवळजवळ तिची कमाल मर्यादाच) अडीच तासांत संपेल आणि अंतर तुटेल २० मैल. प्रत्यक्षात तेवढेही नाही, कारण घटातून वीज घाईने ओढली, तर त्याची पूर्ण धारकता हाती लागत नाही. म्हणजे शत्रूच्या जहाजापासून पळ काढावा तर बॅटरी संपते, आणि ती जपावी तर शत्रू गाठतो. आत चाळीस-पन्नास माणसे तीच तीच हवा श्वासात घेत असत, हेही विसरू नका.

बॅटरीचे आणखी दोन धोके होते. भारित होताना घटांतून हायड्रोजन निघतो; तो साठला तर ठिणगीने स्फोट होतो. आणि समुद्राचे खारे पाणी घटांत शिरले, तर विषारी क्लोरीन तयार होतो.

वर येण्यासाठी रात्रीचा अंधार सोयीचा असे. पण दोस्तांच्या विमानांवर रडार आले आणि अंधाराचे संरक्षण संपले. १९४३ च्या एकट्या मे महिन्यात जर्मनीच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या नष्ट झाल्या. तेव्हा मूळ डच नौदलाने वापरलेली एक युक्ती जर्मनांनी उचलली, ती म्हणजे स्नॉर्केल. पाण्याबाहेर डोकावणाऱ्या या नळीतून हवा घेत, बोट थोडीशी खाली ठेवूनच, एंजिने चालविता येऊ लागली. लाट नळीवर आली, की झडप आपोआप मिटे. एंजिने मात्र थांबत नसत. ती बोटीतलीच हवा ओढू लागत, दाब झपाट्याने उतरे आणि खलाशांच्या कानांत कळा येत.