विचारायचं कुणाला?

सांगलीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबबाहेर चपला काढाव्या लागत. साल १९९६. आत एसी, दोघांत मिळून एक पीसी आणि त्यावर टर्बो सीचा निळा स्क्रीन. कंट्रोल-एफ९ दाबलं की प्रोग्रॅम पळायचा आणि उत्तर दिसायच्या आत स्क्रीन पुन्हा निळा व्हायचा. उत्तर बघायला ऑल्ट-एफ५ दाबायचं असतं, हे मला शेजारच्या मुलाने तिसऱ्या प्रॅक्टिकलला सांगितलं. तोवर आपले प्रोग्रॅम चालतच नाहीत असा माझा समज होता.

मागे वळून बघताना मला भाषा, कंपन्या, पगार हे नंतर आठवतं. आधी आठवतं ते कुठे अडलो होतो आणि तेव्हा कुणाला विचारलं.

लॅबमध्ये सर असायचे, पण जर्नलवर सह्या करण्यात गढलेले. मग उरले कानेटकर. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ आमच्या वर्गात मूळ प्रत एक आणि झेरॉक्स अकरा असं नांदत होतं. तोंडी परीक्षेच्या धाकाने एक गोष्ट पाढ्यासारखी पाठ झाली होती: इंट दोन बाइटचा. त्यात ३२,७६७ पर्यंतचा आकडा मावतो. आणखी एक मिळवलात तर उणे ३२,७६८ होतं. पुढे नोकरीत युनिक्स मशीनवर इंट चार बाइटचा निघाला, तेव्हा मनाच्या श्लोकांतला एखादा शब्द कुणीतरी परस्पर बदलावा तसं वाटलं.

नोकरी पुण्यात, १९९९ साली. म्हणजे वायटूके. आमच्या टीममध्ये पन्नाशीचे एक गृहस्थ होते, बँकेतली नोकरी सोडून आलेले, कोबोल तोंडपाठ. कंपनीचा नियम असा की सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची. इंग्रजीत ते निभायचं. पण मराठीत नावापुढे क्रियापद येतं, आणि तिथे ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावंच लागतं. मी वर्षभर त्यांच्याशी कर्ता गाळून बोललो. ‘ते बघून झालं का?’ ‘चहाला जायचं का?’ त्यांच्या लक्षात आलं असणार. ते मिशीत हसायचे.

वायटूकेचं दुखणं असं: जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोन आकडी साठवलेलं, त्यामुळे ९९ नंतर ०० आलं की यंत्राच्या लेखी शंभर वर्षं मागे. चार आकडे करावेत तर फाइलची रुंदी बदलणार आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम बदलावा लागणार. म्हणून खिडकी काढायची: ०० ते ४९ आलं तर दोन हजारातलं वर्ष धरायचं, ५० ते ९९ आलं तर एकोणीसशेच. मी त्या गृहस्थांना विचारलं, मग २०५० साली काय? ते म्हणाले, ‘तेव्हा कोण बघायला आहे!’ मूळ प्रोग्रॅम लिहिणारेही हेच म्हणाले असतील. ३१ डिसेंबरची रात्र ऑफिसात काढली. काहीही झालं नाही. सकाळी आईचा फोन: ‘काही झालंच नाही, तर रात्रभर केलंत काय?’ या प्रश्नाला मला आजही नीट उत्तर देता येत नाही. आमच्या कामाची गोमच ती आहे.

इंटरनेट तेव्हा मजल्यावर एकाच मशीनला होतं आणि त्याला रजिस्टर होतं. नाव, वेळ, कारण, सही. फाइलवर काम करायचं तर ती आपल्या नावावर कुलूपबंद करून घ्यायची, मग दुसऱ्या कुणाला हात लावता येत नसे. एकदा एक सहकारी महत्त्वाची फाइल कुलपात ठेवून बहिणीच्या लग्नाला गावी गेला. शेवटी आम्ही त्याच्या गावातल्या किराणा दुकानाच्या फोनवर निरोप ठेवून पासवर्ड मिळवला. नंतर आमच्याकडे कुलपांशिवाय बदल सांभाळणारं सीव्हीएस आलं, सबव्हर्जन आलं, कुलपं गेली. आणि मग गिट. बिटकीपर या साधनाचा मोफत वापर लिनक्सवाल्यांसाठी बंद झाला म्हणून लिनस टोरवाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं आणि आठवड्याच्या आत ते स्वतःचाच सोर्स कोड सांभाळू लागलं. मला ते समजायला सहा महिने लागले. पूर्ण समजलं असं आजही म्हणणार नाही. काही धाडसी करायचं असलं की मी अख्खा फोल्डर आधी बाजूला कॉपी करून ठेवतो. हे फक्त मीच करतो असं मानू नका.

कॉन्फरन्सचा नाद लागला तो ग्नूनिफायमुळे. मॉडेल कॉलनीत सिम्बायोसिसच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये दर फेब्रुवारीत ती भरायची, सगळी धावपळ विद्यार्थ्यांची. लिनक्सची सीडी फुकट वाटणारे लोक पहिल्यांदा तिथे पाहिले. पण मनात घर केलं ते २०११च्या पायकॉन इंडियाने. त्या वर्षी ती पुण्यात होती आणि रेमंड हेटिंजर बोलायला आले होते. पायथॉन भाषेतलं एन्युमरेट हे फंक्शन त्यांच्या प्रस्तावातून आलेलं. मी ते दिवसातून दहा वेळा वापरत होतो. रोज पाणी भरतो तो नळ कुणी बसवला, हे कळल्यासारखं झालं.

भाषणातलं मात्र आता फारसं आठवत नाही. आठवते ती जेवणाची रांग. आमचा एक सर्व्हर दर नऊ-दहा दिवसांनी मुका व्हायचा. लॉगमध्ये काहीही नाही. सहा आठवडे आम्ही मेमरी धुंडाळत होतो. पुढे उभ्या असलेल्या मुलीला, ती बहुधा शेवटच्या वर्षाला होती, मी सहज हे रडगाणं ऐकवलं. तिने ताटात भात घेता घेता विचारलं, ‘उघडलेल्या फाइल्स बंद कोण करतं?’ कुणीच करत नव्हतं. लिनक्सवर एका प्रोसेसला एका वेळी किती फाइल्स उघड्या ठेवता येतील याला मर्यादा असते, आमच्याकडे ती १०२४ होती. ती संपली की नवी फाइल उघडत नाही. त्यात रोजची नवी लॉग फाइलही आली! दुखणं लिहून ठेवायची वहीच त्या दुखण्याने उघडत नव्हती. त्या मुलीचं नाव विचारायचं राहिलं.

कॉन्फरन्सचे टी-शर्ट मात्र जमत गेले. हल्ली त्यातल्या दोनांनी स्कूटर पुसली जाते.

मधली चार वर्षं मी मॅनेजर होतो, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आपल्याकडे दहा वर्षांनंतरही कोड लिहिणाऱ्या माणसाकडे नापास झाल्यासारखं बघतात. ‘हाताखाली किती लोक?’ हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा येतो. हाताखाली चौदा होते. एक्सेलमध्ये त्यांची अप्रेझल भरली, दोघांना जायला सांगितलं, आणि एके दिवशी परत कीबोर्डवर आलो. पगार थोडा उतरला, झोप सुधारली.

तोवर विचारायची जागा बदलली होती. २००८ साली स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट आली आणि बहुतेक प्रश्न आपल्याआधी कुणीतरी विचारून ठेवलेले सापडू लागले. सोय मोठी होती, पण खुर्ची वळवून शेजाऱ्याला विचारणं कमी झालं. २०२० मध्ये पायकॉन इंडिया ऑनलाइन झाली. भाषणं नेहमीपेक्षा स्पष्ट ऐकू आली. फक्त भाताची रांग नव्हती. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, आणि आता आमच्या टीममधली मुलं कुणाला काही विचारत नाहीत, यंत्राला विचारतात. मीही विचारतो. ते चिडत नाही, जर्नलवर सह्या करत बसत नाही, आणि चुकलं तरी तितक्याच ठाम आवाजात चुकतं. त्या सर्व्हरबद्दल मी त्याला मुद्दाम विचारून पाहिलं. त्याने सात कारणं दिली, फाइल्स पाचव्या क्रमांकावर. वाईट नाही.

गेल्या महिन्यात भाच्याचा सांगलीहून फोन आला. तो डिप्लोमाला आहे. नव्याकोऱ्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स घालून त्यात टर्बो सी चालवतो, कारण लॅबमध्ये तेच आहे.

‘मामा, इंट किती बाइटचा असतो? चॅटजीपीटी म्हणतंय बहुतेक ठिकाणी चार, आणि आमचे सर म्हणतायत दोन.’

‘कुठल्या मशीनवर?’

‘उद्याच्या तोंडी परीक्षेत.’

‘दोन सांग,’ मी म्हटलं. ‘आणि ऑल्ट-एफ५ माहितेय ना?’