ऱ्हस्वदृष्टी : डोळ्यांची आणि विचारांची

'ऱ्हस्व' हा शब्द आपल्याला प्रथम भेटतो तो शाळेत, वेलांटी शिकताना. ऱ्हस्व म्हणजे आखूड. ज्याला जवळचे स्पष्ट पण लांबचे अंधुक दिसते, त्याची नजर आखूड पडते, म्हणून त्याला ऱ्हस्वदृष्टी आहे असे म्हणतात. पाठ्यपुस्तकात हिलाच निकटदृष्टिता म्हटले आहे, तर चष्म्याच्या दुकानात हिचे नाव 'मायनस नंबर'. डॉक्टर वापरतात तो 'मायोपिया' हा शब्द मूळ ग्रीक असून त्यात डोळे मिटण्याचा अर्थ आहे. लांबची पाटी वाचताना असा माणूस डोळे बारीक करतो, त्यावरून हे नाव पडले.

दोष नेमका कुठे असतो?

मोठ्या माणसाच्या डोळ्याची पुढून मागे लांबी साधारण २४ मिलिमीटर असते. ऱ्हस्वदृष्टीत बहुधा ही लांबी वाढलेली असते. त्यामुळे लांबून येणारे किरण मागच्या पडद्यावर न जुळता त्याच्या अलीकडेच जुळतात आणि चित्र पुसट होते. लांबी एक मिलिमीटरने वाढली की सुमारे अडीच ते तीन नंबर वाढतो. उणे एक नंबर असलेल्याला चष्म्याविना एक मीटरपर्यंतच स्पष्ट दिसते, उणे दोनला अर्धा मीटर, तर उणे चारला जेमतेम वीतभर.

हा दोष बहुधा शाळेच्या वयात सुरू होतो व वाढ थांबेपर्यंत वाढत जातो. आईवडिलांना असेल तर मुलांत शक्यता अधिक. सतत जवळचे पाहणे आणि उघड्यावर कमी वेळ घालवणे हीही कारणे आहेत. चीनमधील ग्वांगचौ शहरात शाळकरी मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर ठेवून तीन वर्षे पाहणी केली गेली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना हा दोष जडला, तर इतर मुलांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. दाट वस्तीत, अरुंद गल्लीत वाढणाऱ्या मुलांना रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळू देणे, हे म्हणूनच औषधाइतके मोलाचे आहे.

गैरसमज

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हे खरे नाही. नंबर वाढतो तो डोळा वाढल्यामुळे. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्यानेही फायदा होत नाही. गाजर, पालेभाज्या डोळ्यांना हितकारक आहेत, पण त्यांनी नंबर उतरत नाही. आणि साठीनंतर चाळिशीशिवाय एकाएकी वाचता येऊ लागले तर 'नजर परत आली' म्हणून आनंद मानू नये. ते बहुतेक वेळा मोतीबिंदूचे लक्षण असते. रक्तातील साखर वाढल्यानेही नंबर असा बदलू शकतो.

शब्दाचा दुसरा अर्थ

आजचा लाभ पाहून उद्याचा विचार न करणाऱ्यालाही आपण ऱ्हस्वदृष्टीचा म्हणतो. उलट 'दूरदृष्टी' हा मोठा गुण मानतो. गंमत अशी की, नेत्रवैद्यकात दूरदृष्टी हाही दोषच आहे आणि त्याला 'प्लस' नंबर लागतो!

दूरदृष्टीच्या गुणाचे उदाहरण भिवंडीकरांना लांब शोधायला नको. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत हे शहर होरपळले. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने येथे मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. शांततेच्या काळातच दोन्ही समाजांची माणसे एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. तहान लागण्यापूर्वी विहीर खोदली होती, तिचे हे फळ.

डोळ्यांच्या बाबतीतही हेच हवे. लहान मूल तक्रार करीत नाही, कारण सगळ्यांना असेच अंधुक दिसते अशी त्याची समजूत असते. यंत्रमागावरच्या कारागिराला हाताजवळचा तुटलेला धागा दिसतो, म्हणून एसटीची पाटी दिसत नाही हे त्याच्याही ध्यानात येत नाही. मूल फळा वाचताना डोळे बारीक करीत असेल, टीव्हीजवळ जाऊन बसत असेल, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत असेल, तर त्याला 'ढ' ठरवण्याआधी डोळे तपासावेत. 'मुलीला चष्मा लागला तर लग्न कसे जमेल' म्हणून तपासणी टाळणारे पालक आजही भेटतात. मुलीची ऱ्हस्वदृष्टी भिंगाने सुधारते, पण पालकांच्या ऱ्हस्वदृष्टीपायी तिचे शिक्षण मागे पडते.

शाळेत जाण्यापूर्वी एकदा आणि नंतर दरवर्षी डोळे तपासून घ्यावेत. नंबर भराभर वाढत असेल तर तो वेग कमी करणारे थेंब व खास भिंगे आता उपलब्ध आहेत. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावीत. उणे सहाच्या पुढे नंबर असणाऱ्यांनी दरवर्षी डोळ्यांचा मागचा पडदाही तपासून घ्यावा, कारण अशा डोळ्यांत पडदा सरकण्याचा व काचबिंदूचा धोका अधिक असतो. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, विजेसारखे लखलखाट किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. येथे एका दिवसाचा उशीरही महागात पडू शकतो.